माळ ‘पडीक’ नव्हता

बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरला जाताना वाटेत नान्नज लागते. तिथल्यासारख्या माळांना महसुली भाषेत ‘पडीक’ म्हणतात. जुने संदर्भ चाळताना मला वाटू लागले, की माळढोकाची कहाणी बरीचशी या एका शब्दाची कहाणी आहे.

मृगाच्या सरींनंतर या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल वाढते. नाकतोडे, भुंगेरे येतात. याच दिवसांत नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. त्या आवाजावरून त्याला ‘हूम’ही म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. पुढे हा पक्षी ज्वारी-हरभऱ्याच्या रानांत चरतो. त्याला माळही लागतो आणि आपली रब्बीही.

पहिला घाला बंदुकीचा. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आली. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी त्याच दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने येताच पक्षी लोकांना अडचण वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

दुसरा घाला सद्भावनेचा. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात माळांना कुंपण पडले. चराई थांबून गवत वाढले, तिथे माळढोक वावरू लागला. पण त्याच कुंपणात ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली होती. ती वाढली, तसा माळ मिटत गेला. दूरवर नजर पोचेल अशा मोकळ्या जागेवर जगणाऱ्या पक्ष्याला झाडीचा काय उपयोग? आज इथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

म्हणून जूनमध्ये खड्डे खणण्याआधी जागा पाहावी. बाभूळ, कडुनिंब बांधावर, गावठाणात लावावेत. गायरानाचा तुकडा पावसाळाभर चराईविना राखावा, वाळले गवत पेटवू नये, मोकाट कुत्र्यांना आवर घालावा. माळढोक परतेल न परतेल. धाविक, चंडोल, लांडगा अजून याच माळावर आहेत. त्यांच्यासाठी तरी सातबाऱ्यावरचा ‘पडीक’ हा शब्द आपण नव्याने वाचायला हवा.