दूरच्या लक्ष्याची वाट

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेलें चोपडा हें गांव मोगलाईंत सुरत-बऱ्हाणपूर या मोठ्या व्यापारी मार्गावरील एक टप्पा होतें. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा 1615 च्या नोव्हेंबरांत सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करीतच गेला. अशा प्रवासांत चोरांचें भय असे, वाटेंत हालही पुष्कळ होत. परंतु वाट हरवण्याचें भय फारसें नसे. खालची जमीनच माणसाला पुढचें गांव दाखवी, आणि जेथें ती दाखवीत नसे तेथें वाटाड्या मिळे.

लष्कराची गोष्ट याहून निराळी. 1679 सालीं शिवछत्रपतींच्या फौजांनीं खानदेशांत शिरून धरणगांव व चोपडा हीं पेठेचीं गांवें लुटलीं आणि जालन्यावर स्वारी केली, असें खाफीखानाच्या इतिहासावरून दिसतें. म्हणजे चोपडा हेंही एके काळीं एका दूरच्या मोहिमेचें लक्ष्य होतें. जालन्याहून परततांना मोगल फौजेनें गांठलें असतां महाराजांना आडवाटांनीं काढून पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलें तें बहिर्जी नाईकानें. सभासदानें आपल्या बखरींत ही कामगिरी नोंदवली आहे. तलवार चालवणाऱ्यांचीं नांवें इतिहासांत पुष्कळ सांपडतात, वाट काढणाऱ्याचें क्वचितच. ह्या उपेक्षित विद्येची एक आधुनिक शाखा म्हणजे आकाशांतून दूरचें लक्ष्य गांठणें. तिचा, आणि ती जमिनीवर बसवून शिकवणाऱ्या नकली विमानांचा इतिहास आम्हांस येथें सांगावयाचा आहे.

सांगण्याचें निमित्त असें कीं, हीं नकली विमानें आतां घरोघरीं आलीं आहेत. तालुक्याच्या गांवींही मुलें संगणकावर लढाऊ विमानांचे खेळ खेळतात. ह्यांपैकीं पुष्कळ खेळांत अशी एक कळ असते कीं ती दाबतांच मधला सर्व प्रवास गळून पडतो आणि विमान एकदम शत्रूपुढें जाऊन उभें राहतें. 1998 सालीं निघालेल्या मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ ह्या खेळांत ही सोय होती. मुलें ती कळ हटकून दाबतात, आणि त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. ढगांकडे पाहत तासभर बसणें कोणास आवडेल? परंतु विमानयुद्धाचा इतिहास पाहतां, त्या कळीनें जें गळतें तेंच युद्धाचें मोठें अर्ध होतें, असें आमचें मत आहे.

ही अडचण कशी उत्पन्न होते हें एका घरगुती उदाहरणानें पाहूं. समजा, चोपड्यावरून एक विमान नागपुरास निघालें. नागपूर येथून जवळजवळ नीट पूर्वेस, सरळ रेषेनें सुमारें 390 किलोमीटर आहे. वेग ताशीं 300 किलोमीटर धरला तर वाट 78 मिनिटांची. वैमानिकानें विमानाचें नाक पूर्वेस धरलें आणि होकायंत्राचा कांटा तसूभरही हलूं दिला नाहीं. तरीही दक्षिणेकडून ताशीं 40 किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर 78 मिनिटांनीं तो नागपुरावर नसून नागपुराच्या 52 किलोमीटर उत्तरेस, सातपुड्याच्या रानावर असेल. पुरांत तापी ओलांडणाऱ्या नावाड्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. पैलतीरावरील घाट गांठण्यासाठीं नाव प्रवाहाच्या वरच्या अंगास रोखावी लागते हें तो जाणतो. परंतु नावाड्याला पैलतीर दिसत असतो. वेग, दिशा, वेळ आणि वारा ह्या चार गोष्टींवरून ‘आतां आपण येथें असलों पाहिजे’ असें कागदावर मांडीत जाणें ह्याला ‘डेड रेकनिंग’ म्हणतात; आपण त्यास अंदाजी हिशेब म्हणूं. पहिल्या तीन गोष्टी विमानांतील यंत्रें सांगतात. चौथी खालच्या जमिनीकडे पाहून ताडावी लागे, आणि रात्रीं किंवा ढगांवर असतां जमीन दिसत नसे.

आरंभीच्या काळांत म्हणूनच वैमानिक जमीन सोडीत नसत. 15 ऑक्टोबर 1932 रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या पुस मॉथ विमानांत रेडिओ नव्हता. उजेडीं, खालची जमीन ओळखीत येण्याची ती विद्या होती. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलांत जाई, म्हणून त्या टपालसेवेचें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे.

जमिनीवर बसून उडण्याची कल्पना मात्र विमानाइतकीच जुनी म्हणावयास हरकत नाहीं. 1910 च्या सुमारास फ्रान्सांतील आँत्वानेत कंपनीनें पिंपाचे दोन अर्धे तुकडे एकावर एक बसवून त्यांवर शिकाऊ माणसास बसवलें होतें. मदतनीस तें पिंप हलवीत आणि तो तोल सावरी. खरी प्रगति केली ती अमेरिकेंतील एडविन लिंक ह्यानें. न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं त्याच्या वडिलांचा ऑर्गन व आपोआप वाजणारे पियानो तयार करण्याचा कारखाना होता. ज्यांनीं घरची बाजाची पेटी उघडून पाहिली आहे, त्यांस भात्यांतील हवेनें काय काय करतां येतें हें ठाऊक आहेच. लिंकनें तेच भाते एका ठेंगण्या, आंखूड पंखांच्या पेटीखालीं बसवले. आंतल्या माणसानें दांडा हलवला कीं भाते फुगत-मिटत आणि पेटी विमानासारखी कलंडे. 1931 सालीं त्यास ह्या युक्तीचें पेटंट मिळालें. पण विमानचालनाच्या शाळांनीं ती पेटी विकत घेतली नाहीं. ती गेली करमणुकीच्या बागांत, पैसे टाकून झोके घेण्याकरितां.

पुढें 1934 च्या फेब्रुवारींत अमेरिकन सरकारनें टपाल वाहण्याचें काम खासगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे दिलें. हिवाळा कडक, रात्रीं काळोख्या, आणि यंत्रांवर नजर ठेवून उडण्याची संवय कोणास नाहीं. दोन-अडीच महिन्यांत डझनभर वैमानिक मेले. तेव्हां लष्करास जत्रेंतल्या त्या पेटीची आठवण झाली. त्याच सालीं 3,500 डॉलरांस एक ह्याप्रमाणें सहा पेट्या घेण्यांत आल्या.

ह्या पेटींत काय शिकवीत तें सांगितलें पाहिजे, कारण आमच्या मतें सर्व विषयाचें मर्म त्यांत आहे. ढगांत शिरलेल्या वैमानिकाचा मोठा शत्रु म्हणजे त्याचा स्वतःचा कान. कानाच्या आंतल्या भागीं तोल सांभाळणारें जें द्रव आहे तें वळण सुरू झाल्याचें सांगतें, पण वळण चालू राहिलें कीं गप्प बसतें. मग विमान वळत खालीं चाललेलें असतांही आंतल्या माणसास आपण सरळ चाललों आहों असें शपथेवर वाटतें. उलट विमान खरोखर सरळ केलें कीं तें कलंडल्याचा भास होतो. लिंकच्या पेटीचें झांकण वरून बंद करीत. आंत कांटे आणि तबकड्या, बाहेर शिक्षकाचें टेबल; टेबलावरील नकाशावरून तीन चाकांचें एक चिमुकलें यंत्र शिकाऊ माणसाची वाट शाईनें ओढीत जाई. त्याला ‘खेंकडा’ म्हणत. शिकाऊ बाहेर येई तो आपण सरळ लक्ष्यावर गेलों अशा समजुतीनें. खेंकड्याची रेघ मात्र निराळेंच सांगत असे. शरीराची साक्ष खोटी मानून कांट्याची खरी मानणें, हा धडा एखाद्या व्रतासारखा गिरवून घ्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशा सुमारें दहा हजार पेट्या तयार झाल्या.

ह्या विद्येवांचून काय होतें, ह्याचा हिशेब 1941 च्या ऑगस्टमध्यें ब्रिटनमध्यें मांडला गेला. जर्मनीवर रात्रीं जाणाऱ्या विमानांतून बाँब पडतेवेळीं जीं छायाचित्रें निघत, त्यांतील सहाशेंहून अधिक चित्रें डेव्हिड बट् नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें तपासलीं. आपण लक्ष्यावर हल्ला केला असें परत येऊन सांगणाऱ्या विमानांपैकीं तिसरा हिस्सा विमानेंच लक्ष्याच्या पांच मैलांच्या आंत पोहोंचलीं होतीं. रूहरच्या धुरकट कारखानी प्रदेशांत तर हें प्रमाण दहांत एक होतें. हीं माणसें खोटें बोलत नव्हतीं. चार-पांच तास थंडींत कुडकुडत, तोफांच्या माऱ्यांतून जाऊन, ज्यास तीं एसेन समजलीं तें एसेन नव्हतें, एवढेंच. शेतांत आणि माळांवर बाँब टाकून येण्यासाठीं शेंकडों तरुण प्राणांस मुकले, हें वाचतांना मन विषण्ण होतें.

जर्मनांनीं ह्यापूर्वींच रेडिओच्या शलाकांची वाट आंखून 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्रीं कॉव्हेंट्री शहर गांठलें होतें. ब्रिटिशांनीं 1942 च्या मार्चपासून ‘जी’ नांवाची रेडिओची पद्धति वापरली, ऑगस्टांत पुढें जाऊन लक्ष्यावर दिवे टाकणाऱ्या निवडक विमानांचें पथक काढलें, आणि 1943 च्या जानेवारींत विमानाच्या पोटांतून जमिनीचें रडारचित्र दाखवणारें ‘एच-टू-एस’ यंत्र हॅम्बुर्गवर प्रथम नेलें. विमानांत वाट काढणाऱ्यास आतां ‘नॅव्हिगेटर’ हें स्वतंत्र पद मिळालें. मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे लँकेस्टर विमानांवर ह्याच पदावर होते, आणि त्यांस डी. एफ. सी. हें शौर्यपदक मिळालें. पुढें आपल्या वायुदलाचे प्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल ह्यांचाही आरंभ नॅव्हिगेटर म्हणूनच झाला. नॅव्हिगेटराची जागा पडद्याआड, दिव्याखालीं. बाहेरचें आगीचें थैमान त्यास बहुधा दिसतही नसे. पट्टी, कोनमापक, घड्याळ आणि पेन्सिल हीं त्याचीं शस्त्रें.

अशा माणसांकरितां लिंकनें, नौकानयनाचे प्रसिद्ध आचार्य वीम्स ह्यांच्या साहाय्यानें, 1941 च्या सुमारास जें यंत्र उभारलें तें आम्हांस ह्या सर्व इतिहासांत अद्भुत वाटतें. सुमारें 45 फूट उंच असा एक बुरूज. आंत विमानाचा सांगाडा टांगलेला. वर घुमटावर ताऱ्यांचे दिवे, आणि ते वेळ व स्थळ ह्यांप्रमाणें सरकत जाणारे. खालीं पडद्यावर सरकणारी जमीन. वैमानिक, नॅव्हिगेटर आणि बाँब टाकणारा असे तिघे आंत बसून, जागचे न हलतां, रात्रभराचा प्रवास करीत. ताऱ्यांची उंची मोजून स्थान काढावयाचें, हिशेब जुळला तर पहाटे लक्ष्य पायाखालीं यावयाचें. येथें मधला प्रवास गाळणारी कळ नव्हती. किंबहुना मधला प्रवास शिकवण्याकरितांच एवढा खर्च केला होता.

एक गोष्ट मात्र ह्या बुरुजांत कोणी शिकवली नाहीं. 1943 च्या जुलैंत हॅम्बुर्ग पुन्हां गांठलें गेलें तें अचूक. नदी आणि बंदर रडारच्या पडद्यावर स्वच्छ उठत होतें. त्या आठवड्यांत आगीच्या वावटळींत तीस हजारांहून अधिक माणसें मेलीं. पडद्यावर तें शहर म्हणजे प्रकाशाचा एक डाग होता. वाट चुकल्यानें झालेला अनर्थ आम्हीं वर सांगितला. वाट सांपडल्यानें झालेला हा.

युद्धानंतर भात्यांची जागा विजेच्या गणकयंत्रांनीं घेतली. 1979 सालीं ब्रूस आर्टविक ह्यानें घरगुती संगणकावर चालणारें नकली विमान बाजारांत आणलें, तें 1982 पासून मायक्रोसॉफ्टच्या नांवानें जगभर पसरलें. ह्या खेळांस पोरकट म्हणणें अन्यायाचें होईल. ‘डी. सी. एस.’ ह्या खेळांत 2017 सालीं आलेल्या स्वीडिश व्हिगेन विमानाच्या नकलेंत, संगणकानें धरलेलें स्थान खऱ्या स्थानापासून हळूहळू सरकत जातें, आणि एखादा पूल किंवा बेट ओळखून तें पुन्हां जुळवून घ्यावें लागतें. म्हणजे ज्यास शिकावयाचें आहे त्यास 1941 चा धडा आजही घरीं बसून मिळतो. आमच्या ओळखीचे एक शिक्षक आपल्या मुलास एवढीच अट घालतात कीं, खेळ सुरू करण्यापूर्वीं वाट कागदावर मांडावी. पोरगा कुरकुरतो, पण आतां घरांत कोनमापक हरवलेला नसतो, असें ते सांगतात.

परंतु नकली विमानांत शिक्षक ठरवील तोच वारा वाहतो. खऱ्या सातपुड्यावर पावसाळ्यांत ढग किती खालीं उतरेल आणि दरींतून हवेचा झोत कोणत्या बाजूनें येईल, हें कोणतेंही यंत्र अगोदर भरून देऊं शकत नाहीं. खानदेशांत धुळें, शिरपूर, जळगांव येथें ह्या शतकांत विमानचालनाचें शिक्षण सुरू झालें, आणि शिकाऊ विमानांचा आवाज ह्या भागांत नवा राहिला नाहीं. 16 जुलै 2021 रोजीं अशाच एका शिकाऊ विमानाला चोपडा तालुक्यांत वर्डी गांवाजवळ, सातपुड्याच्या रानांत अपघात झाला. शिक्षक जागींच गेले. शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. अपघाताच्या कारणांचा विचार करण्याचें हें स्थळ नव्हे. जेथें विमान पडलें तेथें मोटार जाण्यासारखा रस्ता नव्हता. आसपासच्या वस्त्यांवरील आदिवासी मंडळी पायवाटांनीं तेथें पोहोंचलीं, आणि कापडाची झोळी करून तिला खांद्यावरून खालीं रस्त्यापर्यंत घेऊन आलीं.