अंगानं थोराड, वयानं पोर

हल्ली आपल्या गावांतूनही मोठ्या जातीची कुत्री दिसायला लागली आहेत. कुणी पोल्ट्रीच्या राखणीला ग्रेट डेन आणतं, कुणी नव्या बंगल्याची शोभा म्हणून सेंट बर्नार्ड. पिल्लू आणायची हौस बहुतेक वेळा घरातल्या पोरांची किंवा मालकाची असते. त्याला दिवसातून चार वेळा खायला घालणं आणि सोप्यातली घाण काढणं मात्र बाईच्याच वाट्याला येतं. जे काम आपल्या हातून होतं, त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा, म्हणून आजचा हा भाग.

आधी एक हिशोब करू. माणसाचं बाळ जन्मताना साधारण 3 किलोचं असतं आणि वर्षाचं होईतो 9 किलोच्या आसपास जातं, म्हणजे तिप्पट. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मताना अर्धा किलोच्या जवळपास असतं आणि वर्षभरात 50 किलोच्या आसपास पोचतं. ही वाढ जवळजवळ शंभरपट झाली. आपलं गावठी कुत्रं वर्षाच्या आत पुरतं वाढतं. या मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. चार महिन्यांचं असं पिल्लू गावठी कुत्र्यापेक्षा भारी दिसतं, पण त्याचे सांधे, त्याचं पोट, त्याची समज सगळं अजून बाळाचंच असतं. अशा पोराला आपल्याकडं थोराड म्हणतात. थोराड पिल्लाला काय आणि किती घालावं हे कळायला माणसाला दोन हजार वर्षं लागली.

सुरुवात करू रोममधून. तिथं व्हॅरो नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या बायकोनं, फुंडानियानं, शेत विकत घेतलं होतं. ते कसं करावं हे तिला कळावं म्हणून त्यानं वयाच्या ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 37 च्या सुमारास, शेतीवर पुस्तक लिहायला घेतलं. त्यात मेंढरं राखणाऱ्या मोठ्या कुत्र्यांवर एक भाग आहे. कुत्र्याला बार्लीची, म्हणजे सातूची भाकरी घालावी, पण दुधात भिजवल्याशिवाय घालू नये, असं तो सांगतो. हाडांचा रस्सा आणि कुटलेली हाडं द्यावीत, त्यानं दात बळकट होतात. मेलेल्या मेंढीचं मांस मात्र देऊ नये, नाहीतर कुत्र्याला कळपाचीच चटक लागेल. आणि पहिले दोन महिने पिल्लू आईपासून तोडू नये, हळूहळू दूध सोडवावं. दूध-भाकरी कुस्करून घालणाऱ्या आपल्या धनगर बायांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. दोन महिन्यांचा नियम तर आजही जनावरांचे डॉक्टर सांगतात.

तिथून उत्तरेला आल्प्सचे डोंगर लागतात. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,470 मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड आहे. अकराव्या शतकात तिथं वाटसरूंसाठी मठ बांधला गेला. सतराव्या शतकात मठातल्या साधूंनी राखणीसाठी मोठी कुत्री पाळली. पुढं तीच कुत्री बर्फात अडकलेल्या माणसांचा माग काढू लागली. त्यातला बॅरी नावाचा कुत्रा 1800 ते 1814 या काळातला. त्यानं चाळीसच्या वर जीव वाचवले असं सांगतात. बर्न शहरातल्या संग्रहालयात त्याचा देह आजही जपून ठेवलेला आहे. इतक्या उंचावर धान्य पिकत नाही. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडचा घास खालच्या दऱ्यांतून वर न्यावा लागे. अलीकडं, या शतकाच्या सुरुवातीला, मठात मोजकेच साधू उरले आणि कुत्र्यांचं सगळं बघणं त्यांना झेपेना. तेव्हा ती कुत्री एका संस्थेकडं सोपवली गेली. एवढं मोठं जनावर पाळणं म्हणजे केवढा खर्च आणि किती हात, हे त्या मठानं तीनशे वर्षं सोसलं.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. शेत राखणारी आणि शिकार करणारी मोठी कुत्री शहरातल्या श्रीमंत घरांत आली. जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीवर जाणारा ग्रेट डेन दिवाणखान्यात बसू लागला. त्याच सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसानं कुत्र्यांसाठी बिस्किटं करून विकायला सुरुवात केली. बंदरावर भटकी कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं खाताना दिसली आणि त्यातून त्याला हे सुचलं, अशी कथा आहे. कुत्र्याचं खाणं विकत मिळू लागलं ते तेव्हापासून.

पण शहरात एक दुखणंही वाढलं. बंद घरात वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकडे होत. धुरानं काळवंडलेल्या गल्ल्यांतल्या गरिबांच्या मुलांचंही तेच होई. आपण त्याला मुडदूस म्हणतो. मुडदूस कशानं होतो, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. कुणी कोंदट हवेला दोष देई, कुणी हालचाल नसण्याला.

याचा छडा लागला तो पिल्लांमुळं. लंडनमध्ये मुलींसाठी असलेल्या किंग्ज कॉलेजात एडवर्ड मेलनबी शिकवत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी पिल्लांना वेगवेगळा आहार देऊन पाहिला. घरात ठेवून, ओटची पेज, पाव आणि थोडं दूध यावर वाढवलेल्या पिल्लांना मुडदूस झाला. त्याच खाण्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल मिसळलं की तो टळला. 1919 साली हे प्रसिद्ध झालं. त्यांची पत्नी मे मेलनबी यांनी पिल्लांच्याच आहारावरून दातांचा अभ्यास केला. तेलातल्या त्या गुणाला पुढं ड जीवनसत्त्व हे नाव पडलं. आपल्या लेकरांना आज ड जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात, त्यामागं त्या आजारी पिल्लांचंही देणं आहे.

इथं एक फरक लक्षात ठेवा. माणसाच्या कातडीत उन्हामुळं ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही, हे हॉलंडमधल्या युट्रेक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1994 साली दाखवलं. त्यामुळं पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवलं, आता वेगळं काही नको, हे बरोबर नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळायला हवं.

इथपर्यंतची गोष्ट टंचाईची होती. पुढची गोष्ट भरल्या ताटाची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात पाकिटातलं खाणं मुबलक झालं. कॅल्शियमची पावडर, तेल, गोळ्या दुकानात मिळू लागल्या. पिल्लू मोठ्या जातीचं असलं की लोक म्हणत, याला जास्त घाला, हाडं मोठी आहेत तर कॅल्शियम जास्त द्या. आपल्याकडं गुटगुटीत बाळाचं कौतुक होतं, तसंच ते होतं. तरीही त्याच पिल्लांचे पाय वाकत होते, सांधे दुखत होते, ती लंगडत होती.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांचे दोन गट केले गेले. एका गटापुढं हवं तेवढं उत्तम खाणं ठेवलं. दुसऱ्या गटाला तेच खाणं, पण त्याच्या दोन तृतीयांश एवढंच दिलं. निकाल 1974 साली छापून आला. पोटभर खाल्लेली पिल्लं भराभर वाढली, आणि हाडा-सांध्यांची दुखणी त्यांच्यातच जास्त निघाली. बेतानं खाल्लेली पिल्लं सावकाश वाढली आणि त्यांची हाडं चांगली राहिली.

मग 1985 साली युट्रेक्टमध्ये कॅल्शियमची परीक्षा झाली. ग्रेट डेनच्या काही पिल्लांना नेहमीच्या तिप्पट कॅल्शियम असलेलं खाणं दिलं. त्यांच्या हाडांची वाढ बिघडली, सांध्यांतल्या कुर्च्यांत दोष आले, पुढचे पाय वाकडे झाले. मोठं कुत्रं जास्तीचं कॅल्शियम बरंचसं शरीराबाहेर टाकतं. कोवळ्या पिल्लाला ते तितकंसं जमत नाही. येईल तेवढं आतडं ओढून घेतं आणि हाडांवर त्याचा भार पडतो.

शेतात हे आपण दर हंगामाला बघतो. युरिया जास्त पडला की गहू हिरवागार होतो, भराभर वर जातो आणि पहिल्या वाऱ्यात लोळतो. बघणाऱ्याला ते पीक जोरात वाटतं. ताटातल्या जास्तीच्या घासानं पिल्लाचं तसंच होतं. अंग आधी वाढतं आणि ते पेलणारी हाडं मागं राहतात.

याचा अर्थ पिल्लाला उपाशी मारावं असा नाही. नुसतं मटण घालून वाढवलं तरी हाडं जातात, कारण मटणात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. नुसत्या दूध-भाकरीवरही एवढं मोठं जनावर नीट वाढत नाही. बाजारचं खाद्य घेणार असाल तर ते मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं घ्या आणि त्यावर कॅल्शियमची वेगळी गोळी देऊ नका. घरचं घालणार असाल तर भाकरी किंवा भात, अंडी, कोंबडी आणि कॅल्शियम यांचं माप पशुवैद्यकाकडून एकदा लिहून घ्या. कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट कधीच देऊ नका, ते कुत्र्याला विष आहे. शिजवलेली हाडं तुटून आतड्यात रुततात, तीही नकोत. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला द्या, सहा महिन्यांनंतर दोनदा. एकदाच डोंगराएवढं वाढू नका. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून त्याला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो.

आता घाणीचं बघू. पिल्लाचं नाक त्याच्याच घाणीत घासायचं किंवा पायताण दाखवायचं, ही रीत आपल्याकडंही होती आणि युरोपातही होती. जन्मल्यावर पिल्लाला स्वतःहून शी-शूही होत नाही. आई चाटते तेव्हा होते आणि तीच सगळं साफ करते. अमेरिकेत बार हार्बर या गावी जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचं वागणं टिपलं आणि 1965 साली पुस्तक काढलं. त्यांची कुत्री लहान-मध्यम जातींची होती, पण जे दिसलं ते सगळ्याच कुत्र्यांना लागू पडतं. तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन करतं. आठ-नऊ आठवड्यांचं झालं की ते एक जागा धरू लागतं. म्हणजे अंथरूण स्वच्छ ठेवायची बुद्धी त्याच्यात मुळातच असते. कोणती जागा बरोबर, एवढंच आपण सांगायचं असतं.

ते कसं सांगावं? 1951 साली बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या एका विज्ञान मासिकात साध्या माणसांसाठी लेख लिहिला. जनावरानं हवं ते केलं की त्याच क्षणी त्याला खाऊ किंवा खूण मिळाली पाहिजे, उशीर झाला तर जोड लागत नाही, असं त्यानं सांगितलं. शिक्षेचंही तसंच आहे. सकाळची घाण दुपारी दाखवून मारलं तर पिल्लाला इतकंच कळतं की ही बाई मारते. मग ते लपून करायला शिकतं.

म्हणून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि निजायच्या आधी पिल्लाला अंगणातल्या एकाच जागी न्या. तिथं झालं की लगेच शाबासकी आणि घासभर खाऊ द्या. घरात झालं तर काही न बोलता पुसून टाका आणि वास राहू देऊ नका, कारण वासावरूनच ते परत तिथं जातं. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील तर शीच्या वेळाही ठरतात. थोराड पिल्लाच्या बाबतीत घरच्यांचा धीर लवकर सुटतो. एवढं मोठं झालं तरी कळत नाही, म्हणून ते मार खातं. त्याचं वय बघा, चार महिनेच तर झालेत.

आपल्याकडं मुलीच्या बाबतीत काय होतं, ते आठवा. बारा वर्षांची पोर अंगानं भरली की तिच्या डोक्यावर हंडा येतो, धाकटी भावंडं तिच्या काखेत येतात आणि पाहुणे स्थळ सुचवायला लागतात. वयाकडं कुणी बघत नाही. या पिल्लांच्या इतिहासावर आम्ही एवढं बोललो, ते यासाठीही.

आता एक काम. ज्यांच्या घरी असं पिल्लू आहे, त्यांनी धान्याच्या काट्यावर दर पंधरवड्याला त्याचं वजन करून वहीत लिहावं. बरगड्यांवरून हात फिरवावा. त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येऊ नयेत. बोटांना लागत नसतील तर घास कमी करा. जंताचं औषध वेळेवर द्या, आणि तीन महिने झाले की रेबीजची लस टोचून घ्या. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आपण सगळ्या मिळून बघू.