प्रवेश घेण्याआधी हिशेब करा: खासगी विद्यापीठाचं कर्ज की कॅपची जागा?

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये खासगी विद्यापीठांच्या एजंटांचे फोन सुरू होतात. "कॅम्पस मोठा आहे, प्लेसमेंट शंभर टक्के आहे, फीची काळजी करू नका, कर्ज आम्ही करून देतो." शेवटचं वाक्य सगळ्यात महाग पडतं. ते का महाग पडतं, हे आकड्यांतच पाहू. उदाहरण बी.टेक.चं घेतलं असलं तरी फार्मसी किंवा एमबीएलाही बराचसा हिशेब असाच लागू होतो.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी पहिला प्रश्न "फी किती?" हा नसून "प्रवेश कोणत्या मार्गाने?" हा आहे. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. ही योजना 1944 पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असतानाची. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाह भत्ता मिळत नाही. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात.

त्याच कॉलेजात, त्याच शाखेत मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर यातलं काहीच मिळत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांतही या योजनांचा लाभ साधारणपणे मिळत नाही. एजंट "स्कॉलरशिप आहे" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा विद्यापीठाच्या स्वतःच्या सवलतीबद्दल बोलत असतो. ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षं, किती गुण पडले की बंद होते, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर ती सवलत नाही असंच धरून चाला.

आता कर्ज. समजा साडेसात लाखांचं कर्ज काढलं, दर वर्षाच्या सुरुवातीला 1,87,500 रुपये उचलले आणि व्याजदर 10 टक्के आहे. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबलेलं नसतं. या पाच वर्षांत सरळ व्याजाने 2,62,500 रुपये साठतात, म्हणजे परतफेड 10,12,500 रुपयांवर सुरू होते. दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येतो सुमारे 13,380 रुपये आणि एकूण भरणा सोळा लाखांवर जातो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता 10,880 पर्यंत उतरतो, पण भरणा साडेएकोणीस लाखांच्या पुढे जातो. नव्या इंजिनिअरला पहिली नोकरी महिना वीस-पंचवीस हजारांची लागली, तर खोलीभाडं आणि जेवण भागवून तेरा हजार कुठून काढायचे? ब्रोशरमध्ये प्लेसमेंटचं "सर्वोच्च पॅकेज" असतं. तुम्ही आपल्या शाखेतल्या मधल्या विद्यार्थ्याला काय मिळालं ते विचारा, आणि शक्य असेल तर मागच्या वर्षी पास झालेल्या एखाद्याला थेट फोन करा.

चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तारण मागू शकत नाही. साडेसात लाखांपर्यंत जामीनदार किंवा सरकारी हमी योजना चालते. त्यापुढे तारण लागतं, आणि वस्तीतल्या घराची कागदपत्रं अनेकांकडे नसतात. अशा वेळी लोक जास्त व्याजाच्या खासगी फायनान्स कंपनीकडे वळतात. आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे हप्ते थकले की त्यांचाही सिबिल बिघडतो. मग धाकट्या बहिणीच्या शिक्षणाच्या वेळी बँक दारातूनच परत पाठवते. कोर्स अर्धवट सुटला तरी कर्ज सुटत नाही.

यावर शिबिरात हमखास एक उत्तर येतं: "बाबासाहेबांनीही कर्ज काढलं होतं." खरं आहे. 1920 मध्ये लंडनला परत जाताना त्यांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. पण त्याआधी सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले होते, शाहू महाराजांची मदत होती आणि कोणती पदवी कुठून घ्यायची हे ठरलेलं होतं. एजंटने सांगितलेल्या कॉलेजसाठी ते कर्ज नव्हतं.

कर्ज काढूच नका, असं माझं म्हणणं नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीसह सर्व एनआयटी आणि आयआयटींमध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क माफ आहे. वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपसाठी तिथे छोटं कर्ज काढावं लागलं तर खुशाल काढा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्था नॅक किंवा कोर्स एनबीए मानांकित असेल, तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्ता-सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. वरच्या उदाहरणातले 2,62,500 रुपये त्यामुळे वाचतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात 3 टक्के सवलत आहे. म्हणून कर्जाआधी संस्थेचं मानांकन तपासा.

राहण्याचा खर्च लोक हिशेबात धरतच नाहीत, आणि तोच पुढे सावकाराकडे नेतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60,000, इतर महापालिका क्षेत्रांत 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे आणि स्वतःच्याच शहरात शिकणाऱ्याला लाभ नाही. पैसे उशिरा येतात, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची सोय आधीच करून ठेवा.

शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. घरात अडचण असते, त्यात पैसा खर्च होतो आणि कॉलेज फीसाठी मागे लागतं. माझ्या कामात अशी कुटुंबं वरचेवर भेटतात. खात्यात आलेली ती रक्कम कॉलेजची आहे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

हे सगळं कागदांवर अवलंबून आहे. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नसेल तर राखीव जागा जाते आणि खुल्या गटाची फी भरावी लागते, म्हणून अकरावीतच अर्ज करा. दाखल्यावर नुसतं "बौद्ध" असेल तर घरातल्या जुन्या नोंदी शोधायला घ्या. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या, पण केंद्रीय संस्थांसाठी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखलाही निकालाआधीच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते आणि कॅपच्या तारखा थांबत नाहीत.