भिलकवडी : माळव्याच्या वाटेवरील एक विसरलेले देणे

इंदूरहून महूमार्गे महेश्वरास जाणारा प्रवासी विंध्याच्या कड्यावर जाम दरवाजापाशी थांबल्यावाचून राहत नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये बांधविलेली ही वेस. तिच्यापाशी माळव्याचे पठार संपते आणि खाली निमाडचा प्रदेश पसरलेला दिसतो. लोक देवी अहिल्याबाईंचे नाव घेतात, छायाचित्रे काढतात आणि घाट उतरतात. आम्हीही शाळेच्या सहली घेऊन या वाटेने अनेकदा गेलो आहो. अशाच एका सहलीत वेशीखाली उभे राहून आम्ही होळकरांचा इतिहास सांगत असता अलीराजपूरकडील एका भिल्ल विद्यार्थ्याने विचारले, "सर, वेस बांधण्यापूर्वी हा घाट कोण राखीत होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधू जाता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध केला. अहिल्याबाईंच्या निधनास तेव्हा अवघी २८ वर्षे झाली होती. डोंगरांतील भिल्लांचा बंदोबस्त बाईंनी कसा केला, हे त्यांनी नमूद केले आहे. प्रथम सौम्य उपाय झाले. ते चालेनात तेव्हा कठोर शासन झाले, काहींस देहान्त शिक्षाही झाली. परंतु बाई तेथे थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा पूर्वापार हक्क त्यांनी मान्य केला. हीच 'भिलकवडी'. तिच्या मोबदल्यात पडीक जमीन लागवडीस आणणे आणि आपल्या हद्दीत चोरीस गेलेला माल शोधून देणे, ही जबाबदारी भिल्लांवर आली. म्हणजे ज्यांना दरबारी भाषा लुटारू म्हणत होती, तेच वाटेचे राखणदार ठरले. ही केवळ दया नव्हे. डोंगराला धनी आहे, याची ती राजमान्य कबुली होय.

ही कबुली पुढे आम्ही विसरलो, असे आमच्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळे पाहिली म्हणजे वाटू लागते. ओंकारेश्वरास लाखो यात्रेकरू येतात. पण ११६५ च्या सुमारास भारतसिंह चौहानाने मांधाता बेट घेतले ते नथू भिल्लाकडून, ही परंपरा किती जणांस ठाऊक असते? बाघची लेणी लेफ्टनंट डेंजरफील्ड यांनी १८१८ मध्ये 'शोधली' असे आम्ही शिकवितो. ती आजूबाजूच्या वस्त्यांना त्याआधी ठाऊक नव्हती असे थोडेच! 'शोध' या शब्दाची ही करामत सर्वत्र सारखीच आहे. दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातील अँडीज पर्वतावर हायरम बिंगहॅम १९११ मध्ये माचू पिचू येथे पोहोचले, तेव्हा तेथील जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत स्थानिक शेतकरी पिके घेत होते आणि त्यांच्यातीलच एका मुलाने पाहुण्यांस अवशेष दाखविले. जगाने नाव मात्र बिंगहॅम यांचे लक्षात ठेविले.

महूजवळील पाताळपाणीचा धबधबा पाहावयास इंदूरकर पिढ्यान्पिढ्या जात आहेत. ज्या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, तो येथूनच घाटात शिरतो. याच ठिकाणी टंट्या भिल्लाचे देवस्थान आहे. सावकारांस लुटून गोरगरिबांस वाटणारा हा पुरुष विश्वासघाताने पकडला गेला आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे फाशी गेला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर. लोकांत मात्र 'टंट्यामामा'. त्याचा देह येथे आणून टाकला, असे लोक सांगतात. त्याला मान दिल्यावाचून गाडीने घाट उतरू नये, अशी येथील श्रद्धा. वाटेचा राखणदार येथे देवरूपाने उरला आहे.

आता भगोरियाचे पाहा. होळीपूर्वीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या भागांत गावोगावच्या बाजाराच्या दिवशी ढोल-मांदल घुमू लागतात. गुजरातेत मजुरीस गेलेली माणसे या दिवसांत घरी परततात, होळीचा बाजार करतात, सोयऱ्यांस भेटतात. शहरांतील वर्णनांत मात्र तरुण-तरुणींनी पळून जाण्याचा मेळा, एवढेच याचे रूप रंगविले जाते. शिकलेले भिल्ल तरुण यावर रास्त आक्षेप घेतात. एखाद्या समाजाचा सण त्यालाच न विचारता तमाशा म्हणून दाखविणे हे इतिहासाच्या अज्ञानाचेच लक्षण होय.

याच्या उलट एक उदाहरण आहे. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भूरीबाई भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना चित्रे काढावयास सांगितले. पुढे त्या नामवंत चित्रकार झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. येथे पाहुण्याने आधी विचारले आणि मग पाहिले.

आम्हा इंदूरच्या मराठी माणसांस हा विषय परका मानता येणार नाही. आमचे पूर्वज या डोंगरांतूनच उत्तरेस आले. अहिल्याबाईंचा अभिमान आम्ही बाळगतो, तो त्यांच्या मंदिरांपुरता आणि घाटांपुरता ठेवणे अपुरे आहे. भिलकवडी मान्य करणारी त्यांची न्यायबुद्धीही त्याच वारशाचा भाग आहे. आज ती कवडी कोणी मागत नाही. परंतु ज्यांच्या डोंगरातून आपण जातो त्यांचा इतिहास जाणून घेणे, एवढे देणे प्रत्येक प्रवाशाकडे लागते. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही जाम दरवाजापाशी सांगावयाचा पाठ बदलला आहे. आता आरंभ घाट राखणाऱ्यांपासून होतो. वेस त्यानंतर येते.