लास्कोची गुहा आणि माणसाचा श्वास

फ्रान्सच्या दॉर्दोन्य प्रदेशात मॉन्तिन्याक गावाजवळ लास्को ही गुहा आहे. १९४० च्या सप्टेंबरात चार मुले एका भगदाडातून आत उतरली आणि बैल, घोडे व हरणे यांची हजारो वर्षांपूर्वीची चित्रे जगाला दिसली. ही चित्रे इतकी ताजी राहिली कशी, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. तो पडायला हवा होता. प्राचीन काळी दरड कोसळून गुहेचे तोंड बुजले होते. छतावरील चिकणमातीमिश्रित खडकाचा थर पावसाचे पाणी झिरपू देत नव्हता. आत प्रकाश नव्हता, वारा नव्हता, तापमानही जवळजवळ स्थिर होते. चित्रांचे खरे रक्षण या बंदिस्त हवेने केले होते.

१९४८ साली प्रवेशमार्ग रुंद करून, दिवे लावून गुहा लोकांसाठी खुली झाली. पुढे दिवसाला हजाराहून अधिक माणसे येऊ लागली. एकेका माणसाचा श्वास तो किती! परंतु त्यातील बाष्प थंड भिंतींवर थेंबांच्या रूपाने साचे, कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळे आणि ते सौम्य आम्ल चुनखडक झिजवी. दिव्यांच्या उजेडात हिरवे शैवाल वाढले. कॅल्साइटचा पांढुरका थरही चढू लागला. अखेर १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली.

तरीही प्रकरण मिटले नाही, आणि हा भाग अधिक बोधप्रद आहे. २००१ साली नवे वातानुकूलन यंत्र बसविण्याच्या सुमारास फ्युझेरियम नावाची पांढरी बुरशी पसरली. तिच्यावर चुनकळी, प्रतिजैविके व जंतुनाशके वापरली गेली. पुढे काळे डाग उमटले. त्या जंतुनाशकाच्या अवशेषांवरच काही सूक्ष्मजीव पोसले गेले असावेत, असे संशोधकांना वाटते. अजिंठ्याला याची आठवण होते. तेथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, लास्कोची सरळ खडकावर. पण निजाम सरकारने १९२० साली बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी दिलेले लाखेचे रोगणही कालांतराने काळवंडले आणि मूळ रंग झाकोळले.

लास्कोत आता मोजके तज्ज्ञच, ठरावीक वेळेपुरते जातात. लोकांसाठी १९८३ मध्ये गुहेच्या निवडक भागाची आणि २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी जवळजवळ संपूर्ण गुहेची प्रतिकृती उभारली गेली. मूळ बैल अंधारात आहेत.