छोट्या दुर्बिणीतून ग्रह खरंच दिसतात का? रत्नागिरीकरांनी घेण्याआधी हे वाचा

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावर शनीचा रंगीत, भलामोठा फोटो असतो आणि शेजारी ‘५२५ पट’ असं छापलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट हीच मर्यादा. म्हणजे ७० मिमीच्या दुर्बिणीला १४० पट. त्यापुढे ग्रह मोठा दिसतो, पण धूसर.

गणित सोपं आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागा. ७०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचं आयपीस लावलं की २८ पट, १० मिमीचं लावलं की ७० पट. सुरुवात २८ पासूनच करा. ७० पटीला ग्रह तीनेक मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. दुर्बीण बिघडलेली नसते, पृथ्वी फिरत असते!

काय दिसेल?

पहिला नंबर गुरूचा. २८ पटीलाच त्याचे चार मोठे चंद्र एका रेषेतल्या ठिपक्यांसारखे दिसतात. १६१० मध्ये गॅलिलिओनेही ते साधारण २० पटीच्या दुर्बिणीतूनच पाहिले. वहीत त्यांच्या जागा काढून ठेवा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा बघा. जागा बदललेल्या असतील, कारण आयो हा चंद्र पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो. ७० पटीला गुरूवरचे दोन फिकट पट्टेही दिसतात.

शनी इवलासा दिसतो, पण कड्यासकट. २०२५ मध्ये कडी पृथ्वीच्या रेषेत आल्याने जवळपास दिसेनाशी झाली होती, आता ती वर्षागणिक रुंदावतायत. शुक्राच्या चंद्रासारख्या कला दिसतात. मंगळ मात्र बहुतेक वेळा निराश करतो, नुसता केशरी ठिपका.

कधी आणि कुठून?

जून ते सप्टेंबर ढगच. पाऊस सरता सरता, ४ ऑक्टोबर २०२६ला शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे रात्रभर आकाशात. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघंही तसेच. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला असल्याने तेव्हा गुरू मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असेल. क्षितिजाजवळच्या जाड हवेची थरथर तिथे त्रास देत नाही. मान मात्र दुखेल.

गावाबाहेरच्या सड्यावर अंधार छान मिळतो, पण दिवसभर तापलेला कातळ निवेपर्यंत प्रतिमा हलते. बुध-शुक्रासाठी भाट्याचा किनारा बरा, पश्चिमेला मोकळा समुद्र. फक्त सूर्य पूर्ण बुडाल्यावरच दुर्बीण तिकडे वळवा. दुर्बिणीतून सूर्य दिसला तर क्षणात डोळा जातो. काही स्वस्त संचांत आयपीसवर लावायचा ‘सन फिल्टर’ येतो. तो उष्णतेने तडकू शकतो, सरळ फेकून द्या.

आणि कोकणातली ओल! भिंगाला बुरशी लागली की वरचा थर कायमचा खराब होतो. दव पडलं तर भिंग पुसू नका. घरात पूर्ण वाळू द्या, मग झाकण लावा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा.