मुंबईच्या सुतारांची 'सुहैली'

१/ कारध्याला वैनगंगेत ढिवरांचा डोंगा वल्ह्यावर चालतो. शिडांची शर्यत हा समुद्राचा खेळ. तरीही दोन्हींच्या मुळाशी लाकूड ओळखणारा हातच असतो. अशाच हातांनी मुंबईत घडवलेल्या एका लहान नौकेची ही कथा.

२/ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी. स्वतःची नौका बांधवून घेण्याची त्याची इच्छा होती. इंग्लंडहून मागवलेला आराखडा आला, तो 'एरिक' नावाच्या जुन्या, जडशीळ नौकेचा. नवा मागवत बसण्याऐवजी त्याने तोच स्वीकारला.

३/ १९६३ साली कुलाब्यात काम सुरू झाले. सागवानी लाकूड, वाकसाने तासलेल्या फळ्या, दोरीने फिरणाऱ्या सामत्याने पाडलेली भोके. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून नौका पाण्यात उतरली. लांबी ३२ फूट, नाव 'सुहैली': अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेले.

४/ १९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. त्यांच्यातील कित्येक नौका 'सुहैली'हून मोठ्या किंवा वेगवान होत्या.

५/ १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टनने फाल्मथ बंदर सोडले. अटलांटिकमध्येच तळाच्या कण्याजवळील सांध्यांतून पाणी शिरू लागले. त्याने पाण्याखाली बुडी मारून त्या फटी कापसाने बुजवल्या आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. पुढे ऑस्ट्रेलियाजवळ स्वयंचलित सुकाणूही निकामी झाले. मात्र कणा लांब असल्याने शिडे नेमकी जुळवून नौका मार्गावर ठेवता आली. ज्या जडपणाने तिचा वेग कमी केला, त्यानेच तिला तारले.

६/ २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, 'सुहैली' फाल्मथला परतली. शर्यत पूर्ण करणारी ती एकमेव नौका ठरली. डोनाल्ड क्रोहर्स्टचा या शर्यतीत अंत झाला. विजेत्याने ५,००० पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबाला दिले.

७/ २०१८ च्या, त्याच धर्तीवरील शर्यतीसाठी अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' गोव्यात बांधली गेली, 'सुहैली'च्याच आराखड्यावर.

८/ इतिहास विजेत्या नाविकाचे नाव जपतो, आणि ते योग्यही आहे. परंतु ३१२ दिवस समुद्र आणि माणूस यांच्यामध्ये उभी होती, ती कुलाब्यातील सुतारांनी बसवलेली सागवानी फळी.